कव्हरवरची रंभामावशी

नाही, नाही, नाही... कव्हरचं नाव माझ्यासमोर काढायचंच नाही! दुसरं काहीही विचारा, परीक्षेत किती पडले विचारा, घरी किती बोलणी खाल्ली विचारा, पण कॉलेजच्या अंकाचं ते मुखपृष्ठ कसं सुचलं, 'काय डोकं लावलंस बे अद्वैत', हे नको! अहो, लोक पाठीवर थाप मारतात आणि मला वाटतं, थाप कशाला, सरळ दोन ठेवून द्या की! माझंच चुकलं, मान्य. शंभर वेळा मान्य. पण ऐका तरी!

तुम्हाला सांगतो, आमच्या कॉलेजच्या अंकाचं नाव 'ज्योत'. दरवर्षी निघतो. आणि दरवर्षी कव्हरवर काय? कॉलेजची बिल्डिंग! एका वर्षी समोरून, एका वर्षी बाजूनं, ड्रोन आल्यापासून वरून... आता मला सांगा, जी बिल्डिंग चुकवायला पोरं सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जाऊन बसतात, ती बिल्डिंग वरून कशी दिसते हे बघायला कोण अंक हातात घेईल? कुणीच घेत नव्हतं. गॅदरिंगला वाटायचे, खुर्च्यांवर तसेच राहायचे, उरलेले गठ्ठे कॅन्टीनला जायचे, आणि कॅन्टीनमधली रंभामावशी त्यातलं एकेक पान फाडून त्यावर भजी द्यायची. माझी पहिली कविता लोकांनी वाचली ती अशी, भज्याखाली! तेलानं कागद आरपार दिसायला लागलेला, मागच्या पानावरचा क्रीडा अहवाल पुढं आलेला... एकजण मला म्हणतो, "कविता चांगली आहे बे, पण मधेच कबड्डी का आणलीस?"

तर रंभामावशी कोण ते सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येणार आहे. मावशी मूळची करमाळ्याची. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भाकरी थापायला लागली आणि पुढं कॅन्टीनच तिची झाली. प्राचार्य बदलले, मावशी तीच. होस्टेलच्या पोराला ताप आला तर गरम भाकरी आणि दूध मावशीचं, नापास झालेल्याला शिव्या मावशीच्या, पास झालेल्यालाही शिव्या मावशीच्याच. माहेरचं म्हणाल तर एक भाऊ करमाळ्याला, धोंडीराम. त्याच्याशी बोलणं बंद. का? लग्नपत्रिका! भावानं पोरीचं, पायलचं लग्न काढलं, हजारभर पत्रिका छापल्या, आणि पत्रिकेत आत्याचं नाव नाही! आपल्याकडं पत्रिकेत नाव राहून जाणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. भाऊ म्हणाला, "जागाच न्हवती." मावशी म्हणाली, "पुढाऱ्याच्या फोटूला जागा हुती, आत्याच्या नावाला न्हवती व्हय?" संपलं. लग्नाला गेली नाही. भाऊबीज बंद, फोन बंद. तो म्हणणार तिनं यावं, ती म्हणणार त्यानं यावं.

हे झालं मावशीचं. आता मॅडम. प्रभा मॅडम, मराठीच्या, अंकाच्या प्रमुख, स्वभावानं फार चांगल्या, पण यंदा त्या कुठल्याशा कार्यशाळेला गेल्या आणि येताना एक शब्द घेऊन आल्या. टार्गेट ऑडियन्स! "अद्वैत, मुखपृष्ठ म्हणजे अंकाचं मुख. मुख कुणाकडं हवं? टार्गेट ऑडियन्सकडं!" मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे पोरं ना?" "विद्यार्थी म्हण. त्यांचा अभ्यास कर. ते कशापाशी थांबतात ते शोध." आणि कव्हरची जबाबदारी माझ्यावर. का? माझ्या मोबाईलमध्ये डिझाइनचं ॲप आहे म्हणून! जोडीला पिंकी. पिंकी मोहोळहून रोज एसटीनं येते, एसटीत भांडून जागा मिळवते, त्यामुळं समितीत तिच्या शब्दाला फार वजन.

मी अभ्यास केला हो! खरंच केला. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसलो आणि टार्गेट ऑडियन्सच्या अंगठ्याकडं बघत राहिलो. मोबाईलवर अंगठा चाललाय... नाचणारी पोरगी आली, अंगठा पुढं. क्रिकेट आलं, पुढं. कुणाचा तरी वाढदिवस, गॉगल, सोन्याची चेन, पुढं! पुढं, पुढं, पुढं... आणि एकदम अंगठा थांबला. काय आलं होतं? एक कृष्णधवल फोटो. "अय्यो, हे कोण गेलं बे?" पलीकडच्या टेबलावर तेच. तिसऱ्या टेबलावर तेच. तुम्हाला सांगतो, अख्ख्या कॉलेजचा अंगठा फक्त मेलेल्या माणसापाशी थांबत होता! आणि मला काय झालं? मला आनंद झाला. हीच ती चूक. तिथंच उठून घरी जायला पाहिजे होतं, मी वहीवर लिहिलं, 'कव्हर कृष्णधवल. एकच चेहरा.'

आता चेहरा कुणाचा? संस्थापकांचा लावला तर पोरं विचारणार, हे कोण? प्राचार्यांचा लावला तर तोंड फिरवणार. सगळ्यांना ठाऊक असलेला, सगळ्यांना आवडणारा चेहरा कॉलेजात एकच होता, आणि तो माझ्यासमोर भाकरी थापत होता. माझ्या मनात वाईट नव्हतं हो! मी आतमध्ये संपादकीयसुद्धा लिहिलं होतं, पहिल्याच पानावर, 'माणसाचं कौतुक तो हयात असतानाच व्हायला हवं.' वाचलं कुणी? ते सांगतो पुढं.

मावशीला म्हटलं, "मावशी, उद्या तुझा फोटो काढणार, कव्हरवर लावायला." ती म्हणाली, "माझा? मंग माझ्याच तोंडावर भजी वाढू व्हय?" पण दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, मावशी इरकल नेसून आलेली! मोरपंखी, काठ लालभडक. कॅन्टीनमध्ये, तव्यासमोर, इरकल! पिंकी म्हणाली, "मावशे, कुनाच्या वऱ्हाडाला निगालीस?" मावशी लाजली. आणि मला विचारते, "ह्यो अंक करमाळ्याला जातो का रं?" मी म्हटलं, "करमाळा काय घेऊन बसलीस, अमेरिकेला जातो! माजी विद्यार्थी आहेत की आपले!" "अमेरिकेचं ऱ्हाऊ दे. करमाळ्याला जातो का?" "जातो की. अभिमन्यू आहे ना करमाळ्याचा, त्याच्या घरी जातोच." "मंग साडीचा रंग नीट येऊ दे."

मंग साडीचा रंग नीट येऊ दे! इतकं स्वच्छ सांगितलं बाईनं! आणि मी काय करत होतो? मी खिडकीतनं उजेड कसा येतोय ते बघत होतो. विचारलं का, की मावशी, करमाळ्याचं एवढं का? नाही. भाकरी फुगली, मावशी वर बघून हसली, मी फोटो काढला. काय फोटो आला म्हणून सांगू! आणि घरी जाऊन एक बोट लावलं आणि मोरपंखी रंग घालवून टाकला. माझंच चुकलं, मान्य. पण माझ्या एकट्याचं का? ऐका तरी!

कारण मी केला होता तो साधा फोटो. बाकीचं सगळं समितीनं केलं. पिंकीला दाखवला, तर म्हणाली, "लई रिकामं दिसतंय की. बाजूनं फुलं टाक." मी म्हटलं, रिकामं ठेवायचं असतं. ती म्हणाली, "रिकामी तर आमच्या एसटीतसुदिक जागा ठेवत न्हायती, तू कव्हरावर ठेवनार व्हय?" टाकली फुलं. पांढरी शेवंती, दोन्ही बाजूंनी. मग मॅडम. मॅडमनी चष्मा वर केला, बघितलं, डोळे भरून आले त्यांचे. "सुंदर. फक्त एक ओळ हवी. काव्यात्म. 'सदैव आमच्या मनात'." टाकली ओळ. मग संस्थेचे अध्यक्ष, उदयसिंह दादा. त्यांनी मोबाईलवरच बघितलं, गाडीत बसता बसता, काच खाली करून. "छान, छान. अंकाचं नाव ज्योत आहे ना? मग ज्योत कुठाय? समई टाका एक. पेटलेली. आणि खाली नाव येऊ द्या, उदयसिंह दादा आणि समस्त मित्रपरिवार." काच वर.

आता तुम्ही डोळे मिटा आणि बघा. मधे मावशीचा कृष्णधवल फोटो, वर बघून हसणारी. दोन्हीकडं पांढरी शेवंती. खाली तेवती समई. 'सदैव आमच्या मनात'. आणि शेवटी समस्त मित्रपरिवार! सगळं होतं हो, फक्त 'शोकाकुल' एवढा एक शब्द राहिला होता.

तुम्ही विचाराल, तुला दिसलं नाही का रे गाढवा? दिसलं! हेच तर... हेच मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतोय. मला दिसलं होतं. कव्हर पक्कं करायच्या आधी मी कॅन्टीनमधल्या एका पोराला मोबाईलवर दाखवलं, नुसतं बघायला, की थांबतोय का. त्याचा अंगठा थांबला. चेहरा पांढरा पडला. त्यानं वळून काउंटरकडं बघितलं, मावशी तिथं चहा गाळत होती, त्यानं सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "घाबरवलंस की बे!" आणि आम्ही दोघं हसलो. हसलो! मावशीनं तिकडनं विचारलं, "काय दात काढताय रं?" आणि मी म्हटलं, "काही नाही मावशी." आणि दुसऱ्या दिवशी छापायला पाठवलं.

अंक आला. मी सकाळी फोटो स्टेटसला ठेवला. खाली काही लिहिलंसुद्धा नाही, म्हटलं कव्हर स्वतः बोललं पाहिजे. आणि पेपरला गेलो, मोबाईल बंद करून बॅगेत, बॅग वर्गाबाहेर. इकडं कव्हर बोलायला लागलं! तुम्हाला सांगतो, दुसरा कुठला दिवस असता तर पोरं कॅन्टीनमध्ये गेली असती, मावशी दिसली असती, विषय संपला असता. पण नेमकी त्या दिवशी पौर्णिमा. पौर्णिमेला मावशी अक्कलकोटला दर्शनाला जाते आणि दुपारी येऊन कॅन्टीन उघडते. तिचा फोन? कॅन्टीनमध्येच, पिठाच्या डब्यावर, नेहमीसारखा! म्हणजे इकडं मोबाईलवर फोटो, तिकडं कॅन्टीनला कुलूप, फोन उचलत नाही. अजून काय पुरावा पाहिजे लोकांना?

मी पेपर देऊन बाहेर आलो तर व्हरांड्यात पोरी रडतायत. कॅन्टीनच्या कुलपाला कुणीतरी हार घातलेला. पायरीवर उदबत्ती. आणि गेटजवळच्या टेबलावर ठेवलेले अंक... संपलेले! पहिल्यांदा, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा, 'ज्योत' संपला होता! प्रत्येकाच्या हातात एक, छातीशी धरलेला. आणि आतलं पान? एकानंही उलटलं नव्हतं! अहो, पहिल्या पानावर मी छापलंय की बाई हयात आहे! एक पान! एक पान उलटायचं होतं! मी ओरडत सुटलो, "अरे, जिवंत आहे! आत वाचा!" तर एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "खरंय भावा. मावशी आपल्यात जिवंतच आहे."

तेवढ्यात गेटवर फ्लेक्स चढला. अभिमन्यूचा! करमाळ्याचा आमचा माजी विद्यार्थी, सध्या सोलापुरातच पुढारीपण करतो. त्याला स्टेटस दिसलं आणि दुपार व्हायच्या आत फ्लेक्स तयार. वरच्या कोपऱ्यात माझा फोटो, म्हणजे मी काढलेला, मावशीचा, एवढासा. खाली गॉगल लावलेला अभिमन्यू, एवढा मोठा, हात जोडून. आणि त्यात त्यानं मी विसरलेला शब्दही घातलेला. शोकाकुल!

आणि रिक्षातनं मावशी उतरली. हातात प्रसादाची पिशवी. गेटसमोर उभी राहिली, वर बघितलं. एक पोरगी किंचाळली. मावशीनं फ्लेक्स बघितला, पोरांच्या हातातले अंक बघितले, कुलपाचा हार बघितला, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता चप्पल निघणार. निघू दे. निघायलाच पाहिजे. मावशी म्हणाली, "फोटू रंगीत न्हाय व्हय केलास?" एवढंच! हार काढून बाजूला ठेवला, कुलूप उघडलं, पदर खोचला आणि म्हणाली, "उपाशी आसतील पोरं," आणि पिठाचा डबा उघडला. मी मागं मागं, "मावशी, माझं चुकलं, मावशी, मी..." "हाताला पीठ हाय माझ्या. चहा घे." चहा दिला हो! शिव्या नाहीत, काही नाही, चहा!

इथं संपलं असतं तर मी आज हसत सांगितलं असतं. पण अभिमन्यू करमाळ्याचा ना? त्यानं सकाळीच टाकलेलं स्टेटस करमाळ्यात पायलनं बघितलं. पायल म्हणजे जिच्या पत्रिकेवरनं सगळं झालं ती, धोंडीरामची पोरगी. तिनं बापाला दाखवलं. आणि कॅन्टीनमध्ये पहिल्या भाकऱ्या उतरतायत तोवर गेटवर जीप थांबली.

जीपमधून बायाबापड्या उतरल्या, आणि पुढं धोंडीराम. उंच माणूस, टोपी हातात, काखेत पिशवी. त्यानं फ्लेक्स बघितला आणि तिथंच, मातीत, मांडी घातली. "रंभेऽऽ! अगं रंभेऽऽ! माझं चुकलं गं! तुझं नाव घालायला पायजे हुतं गं! जागा हुती गं, जागा हुती, म्याच न्हाय घातलं! वरच घालायला पायजे हुतं, गनपतीच्या खाली, पयलं तुझंच!" अहो, शिपाई रडले, पिंकी रडली, मी तर तोंड लपवून उभा. आणि धोंडीरामच्या मागून आवाज आला, "कुनाचं चुकलं? परत एकदा म्हन."

मावशी. हात कोपरापर्यंत पिठाचे, एका हातात उलथणं.

धोंडीरामनं मागं बघितलं. फ्लेक्सकडं बघितलं. परत मागं. "तू... तू मेली न्हाईस व्हय?" "न्हाय." "मंग ह्यो फोटू?" "काढलाय." पुढचा एक क्षण, तुम्हाला सांगतो, दोघांचीही तोंडं अशी झाली होती की आता गळ्यात पडणार. मावशीनं उलथणं खाली केलंसुद्धा! आणि तेवढ्यात धोंडीरामच्या कानावर मागं कुणाचं तरी हसू पडलं. एकच पोरगा हसला, आनंदानंच हसला असेल, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. उठला. मातीतनं, सगळ्यांच्या समोर, कपडे झटकत. "कळलं. कळलं मला. मला गुडघ्यावर आनायला छापून घेतलंस हे! मेल्याचं सोंग करून माफी काडून घेतलीस! न्हाय माझं चुकलं! जागाच न्हवती पत्रिकंत! चला रं!"

आणि मी काय केलं? मी सांगायला पाहिजे होतं. दोन पावलांवर उभा होतो. 'मामा, तिनं नाही, मी केलं,' एवढं वाक्य. तोंडात आलं होतं. पण एवढा उंच माणूस, एवढा तापलेला... मी उभाच राहिलो. जीप निघाली. आणि जीप थोडी पुढं गेली आणि थांबली आणि मागं आली. धोंडीरामनं खिडकीतनं हात बाहेर काढला, समोर मीच, माझ्या छातीवर ती पिशवी आपटली. "तिला दे. परत न्हेता येत न्हाय घरी." आणि गेला.

पिशवीत काय होतं? साडी. आपल्याकडं बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते, भावानं आणायची, अंगावर घालायची. ती आणली होती त्यानं. करमाळ्यातनं निघताना दुकान उघडायला लावून आणली असणार. मावशीनं हात धुतले, पदराला पुसले, घडी उघडली. मोरपंखी. काठ लालभडक. मावशी म्हणाली, "रंग ध्यानात हाय त्येच्या." पिंकीला काही राहवत नाही, ती म्हणाली, "मावशे, फोटूच्या दिशी तू असलीच नेसली हुतीस की गं." "व्हय. ती बी त्येनंच घेतल्याली. शेवटच्या भाऊबीजंची." आणि परत घडी घालायला लागली.

आता कळलं तुम्हाला? मलाही तेव्हा कळलं. इतका मोठा अभ्यास केला मी, अंगठे मोजले, आणि मावशीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हा फोटो कुणी बघायचाय! भावानं दिलेली साडी नेसून कव्हरवर बसायचं, अंक करमाळ्याला जायचा, त्यानं साडी ओळखायची, आणि न बोलता काय ते बोलून व्हायचं. न वाकता, न फोन करता. रंग नीट यायला पाहिजे होता, बाकी काही नको होतं! आणि मी एका बोटानं तो रंग घालवला, त्याच्या तोंडून माफी काढली आणि लगेच परत घ्यायला लावली.

मी फोन केला हो! पायलचा नंबर मिळवला, धोंडीरामना फोनवर घेतलं, सगळं सांगितलं. "मामा, तिला काही ठाऊक नव्हतं, मी केलं, मी गाढव आहे." तर म्हणाले, "लई रडिवलंस रं पोरा." मी म्हटलं, "हो." "बरी हाय का ती?" "बरी आहे." "हिवाळ्यात खोकती ती. आल्याचा चहा घे म्हनावं. मी सांगितलं म्हनू नगंस." मी म्हटलं, "मामा, तुम्हीच या की एकदा!" "मी आलतो की! तिनं यावं आता." मी धावत कॅन्टीनमध्ये. "मावशी, मामांना सगळं सांगितलं! तू जा एकदा करमाळ्याला!" "त्यो बोलला तसं?" "नाही, पण..." "मंग त्येनं यावं."

घ्या! जिथं होतं तिथंच! वर आता आल्याचा चहा घे हे मी माझं म्हणून सांगायचं.

मॅडम खूश आहेत. मला म्हणाल्या, "अद्वैत, झालेला प्रकार क्लेशदायक, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल, आपण टार्गेट ऑडियन्सपर्यंत पोचलो!" पुढच्या वर्षी काय, तर परत बिल्डिंग. तिरकी.

आणि परवा मावशीनं मला बोलावलं. पोरं गेली होती, ती तवा घासत होती. "त्यो फोटू हाय का रं अजून मोबाईलात?" मी म्हटलं, आलं शेवटी! आता म्हणेल पुसून टाक, पुसतो, सुटतो. "आत्ता डिलीट करतो मावशी, तुझ्यासमोर!" "आरं पुसू नगंस! ठीव." "कशाला?" मावशी तवा घासतच म्हणाली, "इतकी वर्सं मी हितं हाय, त्यो आला न्हाय. ह्या फोटूला आला. खरी येळ आली की ह्योच लाव, मंग यील परत. माझं दुसरं कोन हाय लावायला?"

मी म्हटलं, "मावशी, निदान रंगीत करून ठेवतो. मोरपंखी. नीट आणतो रंग, शप्पथ!" तर म्हणाली, "नगं. रंगीत दिसला तर त्येला वाटंल बरी हाय. येनार न्हाय."

माझंच चुकलं. मान्य. आता 'पण' नाही, 'ऐका तरी' नाही. मी रोज कॅन्टीनमध्ये जातो. मावशी रोज चहा देते, आल्याचा, मी सांगितलाय म्हणून. आणि रोज कप ठेवताना विचारते, "हाय नव्हं?" मी म्हणतो, "आहे मावशी." तर म्हणते, "साडी माझ्याकडं हाय, फोटू तुझ्याकडं हाय. मोबाईल तेवढा चार्जिंग करून ठेवत जा बाबा."